साहेबांना प्रत्येक फोनचा आयएमईआय हवा आहे

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी तरुणी एका छोट्या कंपनीत मोबाइल अ‍ॅप लिहिते, नोकरीला दोन वर्षं झाली आहेत. हजेरीचं अ‍ॅप तिच्या गळ्यात पडलं आहे. दीडशेच्या आसपास कर्मचारी आपापल्या फोनवरून हजेरी लावतात. एकमेकांची हजेरी लावण्याचे प्रकार उघडकीला आले, तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं: एका माणसाला एकच फोन, आणि फोन ओळखायचा तो आयएमईआयवरून, म्हणजे प्रत्येक फोनला कारखान्यात मिळणाऱ्या पंधरा आकडी नंबरावरून. डेटाबेसचा तक्ताही त्याच हिशेबाने बांधून झाला आहे. जुन्या फोनवर नंबर मिळतो, नव्या फोनवर कधी रिकामं उत्तर येतं तर कधी अ‍ॅपच बंद पडतं. आयफोनवर काहीच हाती लागत नाही. एका सीनियरने दोन युक्त्या सांगितल्या आहेत. एक, अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडसाठी बांधलं आहे असं दाखवायचं. दुसरी, अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागायची आणि सेटिंग्जच्या पानावरून नंबर वाचून घ्यायचा. तोवर निभावून न्यायला म्हणून कर्मचाऱ्यांना *#०६# दाबून (त्याने आयएमईआय स्क्रीनवर येतो) स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायला सांगितलं गेलं, आणि साठेक जणांनी टाकलेही. ती विचारते, ‘ताई, बाकीच्या अ‍ॅपना फोन ओळखता येतो, मग मलाच का जमत नाही? सीनियरची युक्ती वापरू, की साहेबांना नाही म्हणून सांगू?’

तुझं ‘मलाच का जमत नाही’ वाचून वाईट वाटलं, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. तुझा कोड चुकलेला नाही. ते दार बंद केलेलं आहे, आणि विचार करून केलेलं आहे. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं तेव्हापासून साध्या अ‍ॅपला आयएमईआय मिळत नाही. पूर्वी फोनची माहिती वाचायची परवानगी मागितली आणि माणसाने हो म्हटलं की काम व्हायचं. आता जी परवानगी लागते ती फोनसोबत आलेली सिस्टिमची अ‍ॅप, सिम कंपनीची अ‍ॅप आणि संस्थेने फोनचा पूर्ण ताबा घेतला असेल तर तिचं नियंत्रण करणारं अ‍ॅप, अशा मोजक्यांनाच असते. आपल्यासारख्यांना ती मागताही येत नाही.

यातूनच तुझ्या दोन वेगवेगळ्या त्रासांचा उलगडा होतो. नव्या अँड्रॉइडसाठी बांधलेल्या अ‍ॅपने आयएमईआय मागितला की सिस्टिम सुरक्षेची चूक फेकते, आणि ती कोडमध्ये झेलली नसेल तर अ‍ॅप बंद पडतं. जुन्या अँड्रॉइडसाठी बांधल्याचं सांगणाऱ्या अ‍ॅपला चूक न देता रिकामं उत्तर मिळतं. म्हणजे सीनियरची पहिली युक्ती कामाचीच नाही. तिने नंबर मिळत नाही, फक्त नकार शांतपणे मिळतो. वर अ‍ॅपच्या दुकानात नवी आवृत्ती चढवताना जुन्या अँड्रॉइडसाठी बांधलेलं चालत नाही, ते वेगळंच.

आयफोनवर दुकानातल्या अ‍ॅपना आयएमईआय उघडपणे कधी दिलेलाच नव्हता. तिथे यूडीआयडी नावाचा चाळीस अक्षरी क्रमांक असायचा. १ मे २०१३ पासून तो वाचणारी अ‍ॅप स्वीकारणं अ‍ॅपलने थांबवलं. मग सगळे मॅक पत्त्याकडे, म्हणजे फोनच्या वाय-फायच्या कायमच्या क्रमांकाकडे वळले, तर त्याच वर्षी आयओएस ७ या आयफोनच्या सिस्टिमवरचा प्रत्येक फोन एकच खोटा पत्ता सांगू लागला: ०२ आणि पुढे पाच वेळा ००. दोन वर्षांनी अँड्रॉइड ६ नेही तसंच केलं, आणि पत्ताही अगदी तोच निवडला. (यूडीआयडीचा उपयोग आज उरलाय तो चाचणीपुरता. दुकानात जाण्याआधी अ‍ॅप ठरावीक फोनवर घालायचं असेल तर त्यांचे यूडीआयडी नोंदवावे लागतात, आणि त्यालाही वर्षाला एका प्रकारच्या शंभर उपकरणांची मर्यादा आहे.)

हे सगळं का केलं, ते समजून घे, कारण पुढचं उत्तर त्यातच आहे. समज, एका बाईच्या फोनवर पाळीच्या तारखा ठेवणारं एक अ‍ॅप आहे आणि उसने पैसे देणारं दुसरं. दोन्ही वेगळ्या मालकांची, कुठेही तिने नाव दिलेलं नाही. पण दोघांनाही आयएमईआय मिळत असेल तर दोन वह्यांमध्ये एकच पंधरा आकडी नोंद आहे. कोणीतरी त्या वह्या विकत घेऊन शेजारी शेजारी ठेवल्या की झालं. तिने अ‍ॅप काढलं, फोन पूर्ण पुसला, तरी नंबर तोच. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. हा नंबर रीतसर बदलायचा तर फोनच बदलावा लागतो.

म्हणूनच सीनियरच्या दुसऱ्या युक्तीला माझा ठाम नकार आहे. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी ही ज्यांना स्क्रीन दिसत नाही किंवा हाताने फोन चालवता येत नाही, त्यांच्यासाठी केलेली सोय आहे. ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं जवळजवळ सगळं वाचू शकतं, म्हणजे खासगी निरोपही आणि बँकेचे तपशीलही. हजेरीसाठी दीडशे माणसांना एवढी मोठी किल्ली आपल्या हाती द्यायला लावणं बरोबर नाही. त्यांनी ती दिली तर नोकरीच्या धाकाने दिलेली असेल. शिवाय त्यातल्या एखाद्याने उद्या विचारलं, ‘हे कशासाठी?’ तर तुझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नसेल.

आता मूळ मुद्द्याकडे येते. साहेबांची अडचण खरी आहे. लोक एकमेकांची हजेरी लावतात, आणि त्याने प्रामाणिक माणसावर अन्याय होतो. पण आयएमईआय मिळाला असता, तरी ती सुटली असती का? मी माझा फोन मैत्रिणीच्या हातात देऊन म्हटलं, ‘उद्या मला उशीर होईल, माझीही लाव,’ तर आयएमईआय बरोबर येईल, लॉगिन बरोबर असेल आणि हजेरी खोटी असेल. फोन कुणाच्या हातात आहे हे त्या नंबराला कळत नाही. तो यंत्राचा नंबर आहे, माणसाचा नाही. आणि यंत्राचा म्हणूनही तो तुम्हाला वाटतो तितका सरळ नाही. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. आज पहिल्या खाचेचा वाचला, उद्या कोडमध्ये दुसऱ्या खाचेचा आला, की एकाच माणसाचे दोन फोन दिसू लागतात. तुझ्या तक्त्यात अशा जोड्या आत्ताच असतील. एकदा शोधून बघ.

तेव्हा तुला खरं काय हवं आहे ते लिहून काढलं तर दोन गोष्टी निघतात. या खात्याची हजेरी नोंदवलेल्याच फोनवरून आली, हे कळायला हवं. आणि त्या वेळी फोन त्याच माणसाच्या हातात होता, याची पुरेशी खात्री हवी. यातल्या एकाही गोष्टीला कारखान्यात कोरलेला नंबर लागत नाही.

पहिल्यासाठी बाकीची अ‍ॅप काय करतात ते सांगते. ती फोनचा नंबर शोधत नाहीत, आपणच फोनला नंबर देतात. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की एक यूयूआयडी, म्हणजे आपोआप बनणारा लांबलचक ओळख क्रमांक, तयार करायचा. तो १२८ बिटांचा असतो, त्यातले १२२ बिट निव्वळ यदृच्छेने येतात. दोन फोनना चुकून सारखा क्रमांक मिळण्याची भीती बाळगायचं कारण नाही. एका ओळीचं काम आहे, परवानगी लागत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपच्या वहीशी तो जुळत नाही.

पण यात एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडले आहे. माझ्या एका जुन्या वाचनाच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन नव्हतं, असा क्रमांक हीच ओळख होती. एका बाईंची तक्रार आली: रात्री चाळिसाव्या पानावर थांबते, सकाळी अ‍ॅप मला दहाव्या पानावर नेतं. तीन दिवस आम्ही सर्व्हर उसकटत बसलो. मग बोलता बोलता कळलं की त्यांनी नवा फोन घेतला होता आणि जुना मुलाला दिला होता. अँड्रॉइड ६ पासून अ‍ॅपची माहिती आपोआप बॅकअपमध्ये जाते आणि नव्या फोनवर परत येते. तिच्यासोबत आमचा क्रमांकही नव्या फोनवर गेला होता. दोन फोन, एकच ओळख, आणि मुलगा रोज रात्री तेच पुस्तक सुरुवातीपासून वाचत होता. तेव्हा तो क्रमांक ज्या फाइलमध्ये ठेवशील ती बॅकअपमधून आठवणीने वगळ. हजेरीच्या अ‍ॅपमध्ये हीच चूक झाली तर ती कुणाच्या तरी पगारात उमटेल.

‘मग तयार अँड्रॉइड आयडीच का वापरू नये?’ असं तुझ्या मनात आलं असेल. तो क्रमांक अँड्रॉइड स्वतःच देतं. वापरता येतो, पण आधाराला म्हणून, पाया म्हणून नको. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून तो प्रत्येक अ‍ॅपला वेगळा दिसतो. अ‍ॅप काढून पुन्हा घातलं तरी टिकतो, म्हणून ‘हा बहुधा तोच फोन’ एवढं सांगायला तो बरा आहे. फोन रिसेट केला की मात्र बदलतो. तुम्ही अ‍ॅपवर सही करण्याची किल्ली बदललीत तरी बदलतो, आणि तेव्हा सगळ्यांचा एकदमच. फार पूर्वी, अँड्रॉइड २.२ च्या काळात, एका दोषामुळे अनेक फोन एकच आयडी सांगत असत. त्यावर विसंबलेल्या लोकांना हजारो ग्राहक एकच माणूस असल्यासारखे दिसले असतील. आयफोनवर याच जागी अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीपुरता मिळणारा आयडेंटिफायर आहे. तो एका कंपनीच्या सगळ्या अ‍ॅपना सारखा दिसतो, पण त्या कंपनीचं शेवटचं अ‍ॅप काढून पुन्हा घातलं की नवा मिळतो. जाहिरातींसाठीच्या आयडीकडे तर फिरकूच नको. तो वापरणाऱ्याला बदलता येतो, आणि आयफोनवर २०२१ मधल्या आयओएस १४.५ पासून त्यासाठी माणसाला वेगळं विचारावं लागतं.

नुसता यूयूआयडी कोणी हुशार माणूस एका फोनमधून काढून दुसऱ्यात घालू शकतो. तुझ्याकडे पगाराचा प्रश्न आहे, म्हणून एक पायरी पुढे जा. नोंदणीच्या वेळी फोनच्या सुरक्षित कप्प्यात किल्ल्यांची जोडी बनव: खासगी किल्लीने सही करायची, उघड्या किल्लीने ती पडताळायची. अँड्रॉइडवर त्याला कीस्टोअर म्हणतात, आयफोनवर सिक्युअर एन्क्लेव्ह आहे. खासगी किल्ली तिथेच घडते आणि तिथून बाहेर येत नाही. तुझं अ‍ॅपसुद्धा ती वाचू शकत नाही, फक्त तिने सही करवून घेऊ शकतं. उघडी किल्ली सर्व्हरवर कर्मचाऱ्याच्या नावापुढे ठेव. हजेरीच्या वेळी सर्व्हरने एक ताजा यदृच्छ आकडा पाठवायचा, फोनने त्यावर सही करून परत द्यायचा, सर्व्हरने सही पडताळायची. कालची सही आज चालत नाही. ही किल्ली बॅकअपमध्येही जात नाही, त्यामुळे त्या आई-मुलाच्या फोनचा घोळ इथे आपोआप टळतो.

आणि दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे फोन कुणाच्या हातात आहे याचं उत्तरही इथेच सापडतं. बोट किंवा चेहरा दाखवल्याशिवाय ती किल्ली सही करणार नाही, अशी अट घालता येते. फोनवर मागाहून नवं बोट नोंदवलं तर किल्ली बाद व्हावी, अशीही अट आहे. मैत्रिणीचं बोट आयत्या वेळी घालून भागत नाही. कर्मचाऱ्यांना एक गोष्ट मात्र नीट समजावून सांग, की बोटाचा ठसा फोनच्या बाहेर जात नाही, कंपनीला तो दिसत नाही. ज्याचा फोन साधा आहे किंवा ज्याला बोट द्यायचं नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट ठेव, मग ती पिनची असो की सुपरवायझरसमोर सही करण्याची.

फोन बदलणं ही नियमित घटना आहे, हे साहेबांच्या फर्मानात कुठेच दिसत नाही. फोन हरवतो, पडतो, पाण्यात जातो, रिसेट करावा लागतो. दीडशे माणसं म्हटल्यावर हे सतत चालूच राहणार. म्हणून ‘एका वेळी एकच चालू फोन’ असा नियम कर. नव्या फोनवर नोंदणी मागितली की सुपरवायझरकडे विनंती जावी, त्याने माणूस समोर बघून होकार द्यावा, जुना फोन तिथेच बंद व्हावा, आणि कर्मचाऱ्याला निरोप जावा. ज्याने महिन्यात चार वेळा फोन बदलला त्याच्याशी कोणीतरी बोलेल. माझ्या मते तुमच्या मूळ तक्रारीवरचा निम्मा उपाय ही एक मंजुरी आहे, आणि तिच्यात तंत्रज्ञान जवळजवळ नाही.

आयएमईआय कधीच मागू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. फोन कंपनीच्या मालकीचे असतील, कंपनीने देताना ते पूर्णपणे आपल्या व्यवस्थापनाखाली घेतले असतील, तर ते नियंत्रण करणारं अ‍ॅप आयएमईआय आणि सिरियल नंबर रीतसर वाचू शकतं, आणि सामानाच्या यादीसाठी ते योग्यच आहे. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर नुसता कामाचा कप्पा बनवला असेल तर २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून तिथेही हे नंबर मिळत नाहीत. त्याऐवजी त्या संस्थेपुरता वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. म्हणजे फोन बनवणाऱ्यांनीही रेघ इथेच ओढली आहे: फोन ज्याचा, नंबर त्याचा. विमा, दुरुस्ती, चोरीची तक्रार अशा कामांत माणूस स्वतःहून आयएमईआय लिहून देतो, तेही ठीक. तसा रकाना कधी करावा लागला तर शेवटचा आकडा पडताळून घे. नमुना म्हणून नेहमी दिला जाणारा ४९०१५४२०३२३७५१८ हा नंबर घे. पहिले आठ आकडे फोनचं मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या फोनचा अनुक्रम, आणि शेवटचा ८ तपासणीचा. पहिल्या चौदांतला दर दुसरा आकडा दुप्पट करायचा, दोन आकडी आला तर त्याचे आकडे मिळवायचे, आणि मग सगळ्यांची बेरीज करायची. इथे ५२ येते, ६० ला ८ कमी पडतात. लिहिताना एक आकडा चुकला तर हे लगेच पकडतं. शेजाऱ्याचा खरा नंबर लिहिला तर पकडत नाही.

जे वाचक अ‍ॅप लिहीत नाहीत, त्यांनाही एवढंच सांगते. *#०६# दाबून आपल्या फोनचे दोन्ही नंबर पाहा आणि फोनबाहेर, कागदावर लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर हेच नंबर तक्रारीत लागतात, आणि त्यांवरूनच नेटवर्क तो फोन अडवू शकतं. चोरीनंतर ते शोधायला फोन हातात नसतो. आणि एखादं अ‍ॅप किंवा अनोळखी माणूस हे नंबर मागत असेल, तर कशाला हवेत ते विचारा.

आता ते साठ स्क्रीनशॉट. हे काम आजच कर. आयएमईआय काही गुप्त पासवर्ड नाही, पण कोणाचा नंबर कोणता हे दीडशे जणांच्या ग्रुपवर उघडं पडून राहणं बरं नाही. दुसऱ्याचा नंबर चोरीच्या फोनवर चढवण्याचे प्रकार होतात. कित्येक फोनवर त्याच पानात सिरियल नंबर आणि बारकोडही असतात. ज्यांनी टाकले त्यांना आपापले फोटो सगळ्यांसाठी काढून टाकायला सांग, कंपनीकडे जमवलेली प्रत असेल तर तीही पूस, आणि ग्रुपवर दोन ओळी लिही की हे मागायला नको होतं, नवी पद्धत येते आहे. लोक रागावणार नाहीत. उलट पुढच्या वेळी तू परवानगी मागशील तेव्हा ती जास्त विश्वासाने देतील.

साहेबांकडे ‘नाही जमत’ असं म्हणत जाऊ नको. त्यांच्या कानाला ते तुझी असमर्थता वाटेल. माझ्या शब्दांत सांगायचं तर असं: ‘सर, आयएमईआय आता कुठल्याच साध्या अ‍ॅपला मिळत नाही, आणि मिळाला तरी फोन दुसऱ्याच्या हातात दिला की आपण फसणारच. त्यापेक्षा आपण फोनला स्वतःची किल्ली देऊ आणि बोट दाखवल्याशिवाय हजेरी लागू देणार नाही. फोन बदलायला सुपरवायझरची मंजुरी ठेवू.’ सोबत दोन फोन घेऊन जा, एक नोंदवलेला, एक नाही. नोंदवलेल्यावर आधी तुझं बोट लाव, मग त्यांना त्यांचं लावायला दे. त्यांच्या बोटाने हजेरी लागत नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं की आयएमईआयचा आग्रह बहुतेक तिथेच सुटेल. तरीही ते दुसऱ्या युक्तीवर अडून बसले, तर तुझा आक्षेप आणि त्याची कारणं मेलवर लिहून दे. दोन वर्षांच्या नोकरीत हे अवघड जातं, मला ठाऊक आहे. पण ती परवानगी मागणाऱ्या अ‍ॅपमागे तुझा हात असेल, आणि प्रश्न विचारले गेले तर तुलाच विचारले जातील.

राहिला तुझा तक्ता, ज्यात आयएमईआय हीच मुख्य ओळख आहे. नवा क्रमांक त्याच रकान्यात कोंबायचा मोह होईल. तसं करू नको. तो रकाना पंधरा आकड्यांचा, यूयूआयडी आडव्या रेघांसकट छत्तीस अक्षरांचा, आणि वर्षभराने येणाऱ्या नव्या माणसाला त्या नावावरून काहीच कळणार नाही. नोंदण्यांचा वेगळा तक्ता कर: कर्मचारी, तुझा क्रमांक, उघडी किल्ली, मंजुरी देणारा, कधीपासून, कधीपर्यंत. फोन बदलला की जुनी ओळ पुसू नको, ‘कधीपर्यंत’ भर. जुन्या फोनवर मिळालेले आयएमईआय सगळ्यांची नवी नोंदणी होईपर्यंत ठेव. शेवटचा माणूस नोंदवून झाला की तो रकानाच काढून टाक, बॅकअपच्या प्रतींतूनही.